एका जास्वंदीच्या दोन काड्या

१ मार्च, रविवार

टोमॅटो! ज्या माणसाची दारू मला, त्याच्या आईला, दोन डॉक्टरांना आणि एका हवालदाराला सोडवता आली नाही, ती आता टोमॅटो सोडवणार आहेत.

आज पहिली भेट. गेला महिनाभर केंद्रात कुणाला आत सोडत नव्हते — काय शांतता होती घरात! हे केंद्र शोधलं धाकट्या नणंदेनं, भावाला गाडीत घालून नेलं तिनं, आणि आता दर रविवारी दोन बस बदलून जायचं मात्र मी. उंच भिंत, लोखंडी फाटक, आत बैठी इमारत आणि मागे ती बाग, जिचं नणंद फोनवर अर्धा-अर्धा तास कौतुक करते. बारा वाफे, बारा बेवडे. प्रत्येक वाफ्यावर नावाची पाटी. सगळे उकिडवे बसून माती उकरत होते. त्यातला एक माझा नवरा.

समोर 'अहो', वहीत 'हा'. वहीत मला कुणाची भीड नाही.

तिथल्या समुपदेशक बाईंना मी मधाळ मॅडम म्हणणार. बोलल्या की शब्द अंगाला चिकटतात. "ताई, झाडापुढे खोटं चालत नाही. पाणी घातलं नाही की ते लगेच सांगतं. आमच्या लोकांना हेच शिकायचंय." मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

बाग शिकवणारा माणूस कायम हातात खुरपं घेऊन फिरतो, म्हणून तो खुरपे. हाही जुना पिणारा, अकरा वर्षं सोडलीय म्हणे. दर दहा वाक्यांत एकदा ते ऐकवतो. त्यानं माझ्यासमोर एका जास्वंदीच्या दोन काड्या कापल्या, वरची टोकं तपकिरी मेणात बुडवली, दोन कुंड्यांत खोचल्या. एक याला, एक मला. दोघांनी रोज पाणी घालायचं, रोज एक ओळ लिहायची — काय दिसलं ते. शेवटच्या रविवारी दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून बघणार.

म्हणजे दारू यानं प्यायची आणि झारी मी धरायची! वा!

शेवटचा रविवार म्हणजे २६ एप्रिल. नव्वद दिवस भरतात तेव्हा. त्या दिवशी एक फॉर्म असतो — 'घरच्यांची तयारी आहे.' माझी सही झाली तर हा घरी येतो, नाही तर त्याची सोय ते दुसरीकडे कुठेतरी लावतात. मी सही करणार नाहीये. ठरलंय माझं. नणंदेला नाही सांगितलं, लेकीला नाही सांगितलं. फक्त इथे लिहून ठेवते.

२ मार्च, सोमवार

पाणी घातलं. काडी आहे तशीच. मीही.

५ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. सकाळपासून चारशे शर्ट बघितले. कॉलर, बटणपट्टी, बाही, खालची दुमड — कुठे टाका सुटलाय, कुठे धागा लोंबतोय, कुठे उजवा खिसा डाव्यापेक्षा सूतभर खाली. दोष दिसला की लाल बाण चिकटवायचा आणि शर्ट मागे. बावीस वर्षं हेच. शिलाईच्या बायका मला बघून कुजबुजतात. कुजबुजू देत. माझ्या टेबलावरून वाकडा शर्ट पुढे गेला असं एकदाही झालेलं नाही.

आज इस्त्रीवालीनं विचारलं, "साहेब दिसत नाहीत हल्ली तुम्हाला न्यायला?"

"बाहेरगावी आहेत. चोवीस मजली इमारतीत लिफ्ट बसवतायत. तीन महिन्यांचं काम आहे." चोवीस! वीस म्हटलं असतं तर बनावट वाटलं असतं. खोटं बोलायचं तर टाका बारीक हवा. याच्या कंपनीत मी उन्हाळ्यात कांजिण्या सांगितल्या, हिवाळ्यात कंबर सांगितली, माझे चुलत सासरे तर दोनदा मारले. एकदाही कुणी उलट विचारलं नाही. तरी जानेवारीत नोकरी गेलीच, कारण हा स्वतः तोंड उघडतो.

८ मार्च, रविवार

भेट. बागेत बाकावर बसवलं. हा वाफ्यातून उठून आला, नखांत माती, पँट गुडघ्यावर ओली. एकोणीस वर्षं जो माणूस माझ्याशी दोन वाक्यांच्या पुढे बोलला नाही, तो आज पाऊण तास गांडुळावर बोलला. गांडूळ माती कशी खातं, कशी टाकतं. मी म्हटलं, "अहो, डबा आणलाय." म्हणाला, "हो हो. पण तुला माहितीये का, त्याला डोळे नसतात."

मला आहेत. तेच तर दुखणं आहे.

बाकीची वरातही बघून घेतली. एक बँकेतला साहेब — दोरी लावून मुळ्याच्या ओळी आखतो, एक रोप रेषेबाहेर गेलं की उपटून परत लावतो. एक बसचा ड्रायव्हर — भोपळ्याच्या वेलाशी भांडतो, अगदी आवाज चढवून. एक जण नुसता बसतो. मधाळ मॅडम त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पहिले दहा दिवस ते खोलीबाहेरच येत नव्हते." काय मोठी प्रगती! आधी आत बसायचा, आता उन्हात बसतो.

निघताना हा म्हणाला, "तुझी काडी कशी आहे?"

"छान आहे," म्हटलं.

"माझ्या काडीला खालून काहीतरी होतंय. पिवळी पडलीये."

याच्या हाताखाली काहीतरी सुधारलंय, असं कधी झालंय?

१४ मार्च, शनिवार

काडीला डोळा फुटलाय! हिरवा, डाळीएवढा. लेकीला दाखवला. सोळा वर्षांची आहे, कशाचंही कौतुक करायचं नाही असं व्रत घेतल्यासारखी वागते, पण वाकून बघितलं तिनं. "बाबांना फोटो पाठवू केंद्राच्या फोनवर?"

पाठव म्हटलं. बघू दे त्याला, घर कोण चालवतं ते.

१९ मार्च, गुरुवार

मेली.

सकाळी बघते तर तळाशी काळी, बोट लावलं तर मऊ. उपटली. एक मूळ नाही! अठरा दिवस रोज मोजून पेलाभर पाणी, खिडकीतली जागा, ऊन वाढलं की पडदा — आणि खाली काहीच नाही. तो हिरवा डोळा काडीनं नुसता अंगातल्या रसावर काढला होता म्हणे. लेकीनं मोबाइलवर वाचून सांगितलं.

इतका संताप आला की कुंडी आपटणारच होते. काडीचा नाही, त्याच्यापुढे हरल्याचा.

लेक म्हणाली, "मेली म्हणून सांगून टाक ना आई. काय होतंय?"

"त्याला सांगू? मेले तरी नाही!"

"का पण?"

का म्हणे! ज्यानं घराचं वाटोळं केलं त्याच्यासमोर जाऊन मी उभी राहू आणि म्हणू, माझ्याच्यानं एक काडी जगली नाही? मग फरक काय राहिला आमच्यात?

लेक आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं होतं.

२१ मार्च, शनिवार

अर्धा दिवस रजा टाकली, तीन रोपवाटिका पालथ्या घातल्या. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये आमच्या मेलेल्या काडीचा फोटो. पहिल्या दोन ठिकाणी पानं मोठी. तिसऱ्या ठिकाणी माझ्या मनासारखं सापडलं. रोपवाला म्हणाला, "बाई, नवरीसाठी कापड घेतल्यासारखं काय बघताय?" मी तेरा रोपं बाजूला काढली आणि चौदावं घेतलं. काडीची जाडी तीच, सालीचा रंग तोच.

घरी येऊन शेंडा कात्रीनं तिरका कापला. तीन पानं ठेवली, बाकीची खुडली. मेणाचाच घोळ होता — खुरपेचं मेण तपकिरी, घरात मेणबत्ती पांढरी. वाटीत मेण वितळवलं, त्यात आगकाडीच्या टोकाएवढं बूट पॉलिश घातलं. रंग हुबेहूब! जुन्या कुंडीत जुनी माती घालून रोप बसवलं. मग केंद्रानं दिलेल्या वहीतली रोजची ओळ. तीन दिवसांच्या ओळी वेगवेगळ्या पेनांनी लिहिल्या. एके दिवशी मुद्दाम लिहिलं — 'आज पाणी घालायला विसरले.' खरं वाटतं त्यानं.

झाल्यावर लांबून बघितलं. माझ्या टेबलावर आलं असतं तर मीही पास केलं असतं.

२९ मार्च, रविवार

भेट. हा बाकावर येऊन बसला आणि आधी बोलूनच टाकलं, "माझी काडी गेली गं. मागच्या रविवारी."

मागच्या रविवारी मी गेले नव्हते. डोकं दुखत होतं. म्हणजे, नव्हतं.

"अरेरे," म्हटलं. "आपल्या घरची मस्त आहे. तीन पानं आलीत."

माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असू दे. एक तरी आहे." चेहऱ्यावर ना राग, ना लाज! रिकाम्या मातीची ती कुंडी अजून त्याच्या वाफ्याच्या कडेला ठेवलीय. आणि वही चालूच! मी उघडून बघितली. '२३ मार्च. काही नाही. २४ मार्च. काही नाही. २५ मार्च. एक मुंगी.' या माणसाच्या मागे मी आयुष्य घालवलं. काही नाही, काही नाही, एक मुंगी.

घरी येताना बसमध्ये हसू येत होतं. जिंकल्यासारखं वाटत होतं. लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

५ एप्रिल, रविवार

गेले नाही. जादा काम आहे असं कळवलं. नव्हतं.

१२ एप्रिल, रविवार

आज अंगाचा तिळपापड झालाय.

हा आनंदात होता. केंद्राच्या विहिरीवरचा पंप वर्षभर बंद होता, तो यानं तीन दिवस खपून चालू केला. आता बारा वाफ्यांना पाणी हा सोडतो, घड्याळ लावून. हाताची थरथर बरीच कमी झालीय. हे मला दिसलं, नाही असं नाही. मग सहज, पाणी सोडलं हे सांगावं तसं म्हणाला, "सकाळच्या बैठकीत मी लिफ्टचं सांगितलं सगळ्यांना."

लिफ्टचं!

जानेवारीत एका इमारतीत हा लिफ्ट दुरुस्तीला गेला. काम अर्धवट टाकून, चावी खिशात घालून, प्यायला खाली उतरला. लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. आत तीन माणसं, त्यांतली एक बाई आठवा महिना लागलेली. सव्वा तास. मी कंपनीच्या साहेबांना सांगितलं होतं की यांना भोवळ आली, रस्त्यात पडले, चावी तशीच खिशात राहिली. डॉक्टरचा कागदसुद्धा आणला होता मी. साहेब जवळजवळ मानले होते. तेवढ्यात हा तिथे झोकांड्या खात गेला.

"आणि सांगितलंत काय?" मी विचारलं.

"होतं तसं. भोवळ नव्हती, कागद खोटा होता. ती बाई आतून दार वाजवत होती ते मला खालपर्यंत ऐकू येत होतं. तरी मी गेलो."

मी उठून उभी राहिले. इतक्या परक्या माणसांपुढे! मी एकेक टाका घालून जे झाकलं ते यानं उसवून भर बागेत टाकलं, आणि वर मला सांगतो!

"कागद कुणी आणला तेही सांगितलंत?"

"नाही. ते तुझं आहे," म्हणाला.

काय पण उपकार!

२३ एप्रिल, गुरुवार

रोपाला कळी आलीय. दुसऱ्याच्या काडीला, माझ्या कुंडीत. लेक त्या खिडकीकडे बघतच नाही. आज म्हणाली, "रविवारी मी येणार नाही. मला हसू येईल किंवा रडू येईल."

रविवारी म्हणायचं वाक्य तयार केलंय — 'मॅडम, मी यांची काळजी घेऊ शकत नाही. माझं जे होतं ते संपलं.' तीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. चांगलं वाटतं. बाहीसारखं नीट बसतं.

२६ एप्रिल, रविवार

लिहू की नको असं करत चहा गार झाला. लिहिते.

बागेत लांब टेबल मांडलं होतं. आमच्यासारखी सात घरं. सात जणांचे दिवस भरले होते. घरचे लोक एकेक करून कुंड्या ठेवत गेले. सगळ्या हिरव्यागार! बँकेतल्या साहेबाच्या बायकोच्या कुंडीला तर लाल रिबीन. मीही माझी ठेवली, कळी पुढे येईल अशी. मग आतून हे सात जण आले. दोघांच्या कुंड्यांत पानं होती. पाचांच्या कुंड्यांत नुसती माती. हा सगळ्यांत शेवटी. त्याची कुंडी घासून स्वच्छ केलेली, आत सपाट माती, काही नाही.

खुरपे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आला. माझ्यापाशी थांबला, टोकाच्या मेणाला नख लावलं, नाकाशी नेलं. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "बूट पॉलिश? ताई, हे नवीन आहे. आजवर लोकांनी चहाची पूड घातलेली बघितलीय, कॉफी बघितलीय."

माझे कान तापले.

"या उन्हात जास्वंदीच्या दहा काड्यांतल्या दोन लागतात," तो म्हणाला. "त्यात कुणाचा दोष नसतो. आतल्या माणसांच्या मरतात, ती रडतात, चिडतात, मग सांगतात. घरी दिलेल्या मात्र आजवर एकही मेलेली नाही. दर वेळी सगळ्या हिरव्या." हसला नाही. हसला असता तर मी कुंडी त्याच्या डोक्यात घातली असती. "माझ्या बायकोनं दोन रोपं बदलली होती. अकरा वर्षांपूर्वी." आणि पुढच्या कुंडीकडे गेला.

म्हणजे इतके दिवस परीक्षा कुणाची चालली होती? मी इथे दोष बघायला येत होते!

हा माझ्या रोपाकडे बघत होता. त्याला केव्हापासून कळलं होतं देव जाणे. मूळ जास्वंद रोज त्याच्या डोळ्यांसमोर, तिचं पान न् पान त्याला पाठ. चढ्या आवाजात काही म्हणेल, सगळ्यांपुढे दाखवून देईल, वसूल करेल एकोणीस वर्षांचं — मी तयार उभी होते.

त्यानं विचारलं, "कधी गेली?"

"एकोणीसला. मार्चच्या."

"तळाशी काळी झाली?"

"हो. मऊ."

"माझीपण," म्हणाला. "तीनच दिवस पुढे."

एवढंच. दोन माणसं रेल्वेच्या वेळा विचारतात तसं. पण आमच्यात इतकं सरळ बोलणं कधी झालं होतं, ते मी बसमध्ये आठवत होते. आठवलं नाही.

मधाळ मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. माझं वाक्य तयार होतं. तोंड उघडलंही. समोर त्याची ती रिकामी कुंडी होती. इतक्या वर्षांत या माणसानं पहिल्यांदा रिकामी वस्तू रिकामी म्हणून माझ्यापुढे ठेवली होती, आणि भरलेली खोटी कुंडी माझी होती. मी सही केली. रागानं केली, कागद फाटेल इतकं दाबून केली, पण केली. गुरुवारी घरी येतोय.

याचा अर्थ मी माफ केलंय असा नाही. वाटही बघत नाहीये. उशीची खोळ बदलली, ती बदलायचीच होती.

३० एप्रिल, गुरुवार

आला नाही.

सकाळी मधाळ मॅडमचा फोन. सही माझी झाली, त्यानंच नाही म्हटलं. केंद्राच्या मागच्या खोल्यांत राहणार, पंप बघणार. निरोप त्याच्या शब्दांत सांगायला सांगितला होता म्हणे: "घरी माझं सगळं झाकलं जातं. झाकलं की मी पितो. तिला म्हणावं, तिची चूक नाही, पण मला इतक्यात घरी जायचं नाही."

फोन ठेवते तोच नणंदेचा. "वहिनी, आला का गं दादा?"

"हो, आत्ताच आले," म्हटलं. "आंघोळीला गेलेत." किती सहज! श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही. तिनं 'बरं झालं बाई' म्हटलं, ठेवला.

लेक दारात उभी होती.

परत लावला. नंबर दोनदा चुकला. "आलेले नाहीत," म्हटलं. "येणार नाहीत. मी खोटं बोलले तुझ्याशी. आत्ता, आणि आधीही."

घाबरून विचारलं तिनं, "वहिनी, तुला बरं नाहीये का?"

"नाही," मी म्हटलं. "बरं नाहीये."